मशीन खिशात टाकणारा माणूस

आमच्या ह्यांना ऐकू कमी येतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही महानंदा सारखी ओरडून का बोलते. सत्तावीस वर्षं हे बेंगळुरातल्या पीण्या भागात एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर उभे होते. धाड, धाड, धाड, दिवसाचे आठ तास. कारखाना बंद पडला, प्रेस भंगारात गेली, पण ह्यांचे कान काही परत आले नाहीत. मग आमच्या लेकीनं, स्मृतीनं, नोकरी लागल्यावर कानाचं मशीन घेऊन दिलं. शेंगदाण्याएवढं आहे. ते घातलं की बरं ऐकू येतं, आणि नाही घातलं तरी माझं फारसं अडत नाही. कारखान्यात त्या धडधडाटात सगळे एकमेकांचे ओठ बघूनच बोलायचे, ती सवय ह्यांची अजून आहे. मी गॅसपाशी उभी राहून नुसती पुटपुटले, "आलं बघा ह्यांचं घोडं," तरी हे अंगणातून विचारतात, "कुणाचं घोडं?"

घोडं ह्यांच्या रक्तातच. नाव व्यंकोजी, आमच्या येलहंका वस्तीत सगळे व्यंकण्णा म्हणतात. घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलं आणि राहिलंच. फौज गेली, जमीन गेली, आजोबांकडे स्टेशनावरचा एक जटका उरला, म्हणजे घोडागाडी. वडिलांच्या वेळी गाडीही गेली, नुसता घोडा उरला. हे कारखान्यात जायचे तेव्हासुद्धा घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक घोडी असायचीच, लग्नाच्या वरातीला द्यायला. ह्यांच्या घरात मराठी बोलतात, पण ती मराठी काय वर्णावी! मी सीमेवरच्या अथणीकडची. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "स्वल्प मीठ जास्त झालंय." स्वल्प म्हणजे कमी, मग जास्त कसं झालं? ह्यांच्यात स्वल्प म्हणजे जरासं, हे कळेपर्यंत मी तासभर डोकं खाजवत बसले.

तर मुद्द्याचं सांगते. कुणाला घोडा घ्यायचा असला की लोक ह्यांना बरोबर नेतात, कारण ह्यांना आजवर कुणी फसवलेलं नाही. ह्यांची एक रीत आहे. विकणारा तोंड उघडायच्या आत कानातलं मशीन काढायचं आणि शर्टाच्या खिशात टाकायचं. म्हणतात, "बोलणारा बोलणं विकतो. मला घोडा बघायचाय." मग विकणारा तिकडे पोपटासारखा बोलत राहतो आणि हे इकडे घोड्याच्या छातीवर तळहात टेकवून उभे. छाती गरम लागली तर समजायचं की आपण यायच्या आधी घोडा फिरवून आणलाय. आखडलेला पाय फिरवल्यावर सैल होतो ना. म्हणून दहाची वेळ दिली असली की हे आठला जाऊन थडकतात. मग दात. म्हाताऱ्या घोड्याचे दात कानशीनं घासून, त्यावर काळे ठिपके डागून तरुण करतात मेले. हे दातांबरोबर डोळ्यावरचा खळगासुद्धा बघतात, वयाबरोबर तो खोल जातो. दात घासता येतात, खळगा कुठून भरणार? मग फरशीवर चालवायचा, लहान गोलात वळवायचा, पाणी पाजून बघायचं. शेवटी पिशवीतलं जर्मनचं ताट काढून घोड्याच्या मागं धाडकन वाजवायचं. वरातीच्या घोडीची खरी परीक्षा तीच.

हे सगळं चालू असताना मी बाजूला. भाव काय म्हणतो, लस टोचली का, विकतो कशासाठी, हे ऐकायचं काम माझं. ऐकायचं आणि ह्यांना थोडक्यात सांगायचं. ह्यांचे डोळे आणि माझे कान, असा आमचा एकतीस वर्षांचा संसार.

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या चंपाचा दुसराही डोळा धूसर झाला. एकवीस वर्षांची घोडी. तिनं बेंगळुरातल्या किती नवरदेवांना मांडवात पोचवलं, मोजदाद नाही. पण आता वरातीतले दिवे समोर आले की थरथरायला लागली. हे म्हणाले, "झालं. तिला आता बसून खाऊ दे." आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्ताला शेजारच्या अभिराजचं लग्न! त्याच्या आईला आम्ही सहा महिन्यांपूर्वीच घोडीचा शब्द दिला होता. अभिराजची भाची अक्षरा, सहा वर्षांची चिमुरडी, मामाच्या पुढ्यात घोडीवर बसणार होती. रोज संध्याकाळी गाजर घेऊन आमच्या शेडमध्ये यायची आणि विचारायची, "आज्जी, नवी घोडी कधी?" वरातीमागून घोडं, असं लोक हसत म्हणतात. आमच्या धंद्यात ती हसायची गोष्ट नाही हो.

आणि मला दुसरीच धास्ती. आदल्या वर्षी ह्यांचा मित्र यल्लाप्पा ह्यांना न विचारता एक घोडी घेऊन आला होता. गाईसारखी गरीब, म्हणे. कसली गरीब! सुई टोचून झोपेत ठेवलेली होती. वरातीत फटाक्यांची माळ लागली तशी उधळली, आणि पुढं बसलेलं पोर डांबरावर पडलं. गळ्याचं हाड मोडलं त्याचं. यल्लाप्पानं त्या दिवसापासून लगामाला हात लावलेला नाही. अक्षरा गाजर घेऊन आली की मला त्या पोराचा आवाज ऐकू यायचा. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते काही खोटं नाही.

दोन घोड्या बघितल्या. एकीची छाती तापलेली, दुसरीच्या दातांना कानस लागलेली. हे मान हलवून परत. लग्नाला उरले आठ दिवस. तेवढ्यात होसकोट्याच्या पलीकडे एकाकडे पांढरी घोडी आहे असं कळलं. सकाळी आठला आम्ही तिथं हजर. विकणारा चाळिशीचा, शिवकुमार नावाचा. ह्यांनी मशीन काढून खिशात टाकलं आणि सरळ घोडीकडे गेले. मी त्याला माझ्या माहेरच्या वळणाच्या कन्नडात विचारलं, लस टोचलीय का? तो माझ्याकडे बघून हसला आणि मराठीत म्हणाला, "आक्का, बोलण्यावरनं आमच्याकडच्या वाटता. कुठलं गाव म्हणायचं?"

काय सांगू तुम्हाला! ती बोली. तो 'म्हणायचं'वरचा हेल. बेंगळुरात मराठी बोलणारे खूप भेटतात, पुण्याकडची पोरं भेटतात इंग्रजी मिसळून बोलणारी, पण माझ्या माहेरची मराठी माझ्या कानावर पडून सात वर्षं झाली होती. माझा पाठचा भाऊ हरी गेला तेव्हापासून. चारच दिवसांपूर्वी भाऊबीज झाली होती आणि मी दरवर्षीसारखी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळून आले होते. मी म्हटलं, "अथणी." तो म्हणाला, "आवं, मग आपलंच की! मी तिकडचाच. म्हणजे हे आमचे दाजी झाले!" ह्यांना दाजी म्हणाला तो. हरीनंतर ह्यांना कुणी दाजी म्हटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

इकडे हे घोडी बघत होते. छाती थंड. दात खरे, वय आठ-नऊ. पाय चारही सरळ. ताट वाजवलं, घोडी जागची हलली नाही. मी मनात म्हटलं, देव पावला! पण हे काही हसेनात. घोडीच्या पाठीवर माशी बसली होती, तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "माशी बसली तर कातडी थरथरायला हवी. हिची हलत नाही. खालचा ओठही लोंबतोय. त्याला विचार, आठ दिवसांत तक्रार निघाली तर परत घेशील का? हो म्हणाला तर नेऊ. नाही म्हणाला तर चल." आणि एरवी कधी करत नाहीत ते केलं. घोडीकडे पाठ करून त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

मी विचारलं. शिवकुमारचा चेहरा पडला. म्हणाला, "आक्का, भनीनं भावाला असं इचारायचं? घोडी पाळण्यातल्या लेकराला घेऊन उभी राहंल. तुमाला फसवून मी कुठल्या नरकात जाऊ? परत बिरत काय नाय बघा, माझा शबूद हाय." आणि हात जोडले.

म्हणजे नाही म्हणाला. गोडीत घोळून, पण नाहीच म्हणाला. आणि मी? मला लाज वाटली हो. भावाला दारात उभं करून त्याची झडती घेतल्यासारखं वाटलं. लग्नाला आठ दिवस उरलेत, ही गेली तर दुसरी मिळायची नाही, हेही होतंच. मी ह्यांच्याकडे वळले आणि म्हटलं, "हो म्हणतोय."

ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाले, "सरी," म्हणजे बरं. आणि व्यवहार झाला.

पहिला दिवस घोडी डुलत होती. दुसऱ्या दिवशी मान वर झाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्षरा गाजर घेऊन आली, शेडबाहेर बांधलेल्या घोडीच्या मागच्या बाजूनं, मी बघायच्या आत, आणि त्याच वेळी घरात माझ्या कुकरची शिट्टी झाली. घोडीनं अशी लाथ झाडली की शेडचा पत्रा आत गेला. पोरीच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर. अक्षरा रडलीसुद्धा नाही, गाजर हातात धरून नुसती उभी. मी धावत जाऊन तिला उचललं आणि घरात नेलं.

हे आले, पत्र्यावरचा खड्डा बोटांनी चाचपला, घोडीच्या मानेवरून हात फिरवला. म्हणाले, "औषध उतरलं हिचं. बिचारी भित्री आहे. वरातीचं काम नाही हिचं. काही हरकत नाही, परत देऊ. आठ दिवसांचं बोलणं झालंय ना?"

आणि मी पुन्हा म्हटलं, "हो."

जीभ झडली नाही माझी. एक खोटं लपवायला दुसरं, माझी आई म्हणायची ते अगदी तंतोतंत. ती रात्र आणि दुसरी सकाळ कशी गेली ते माझं मला ठाऊक. भाकरी करपली, दूध उतू गेलं. मनाची समजूत घालत होते की शिवकुमारला फोन करीन, रडीन, भाऊ म्हणतोस ना, मग बहिणीची लाज राख म्हणीन. तो माणूस आपल्याकडचा आहे, ऐकेल. दुपारी हे शेडकडे गेले तसा मी फोन लावला.

"यारु?" कोण म्हणून पलीकडून आवाज. त्याचाच, शंभर टक्के त्याचाच.

"दादा, मी अथणीची आक्का बोलते. ती पांढरी घोडी..."

तो सरळ कन्नडात म्हणाला, "मराठी बरल्ला, अक्का. राँग नंबर." मराठी येत नाही म्हणे! आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर बंद.

मी पायरीवर बसले. घोडीपेक्षा मला ती भाषाच जास्त लागली हो. चार दिवसांपूर्वी ज्या तोंडानं दाजी म्हणाला, त्याच तोंडानं मराठी येत नाही म्हणाला. रिक्षा करून होसकोट्याला जाऊन आले, कुणाला न सांगता. तिथं शेड रिकामी. समोरची चहावाली म्हणाली, जागा पंधरा दिवसांसाठी घेतली होती त्यानं, कुठला कोण ठाऊक नाही. येणाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलायचा, तेलुगू, तमिळ, उर्दू, सगळं यायचं त्याला. म्हणजे माझी अथणी त्यानं माझ्याच तोंडून काढून घेतली होती, आणि मी खुळी ती माहेरची भेट म्हणून पदरात बांधून आणली होती.

घरी आले तेव्हा हे पत्र्यातला खड्डा आतून ठोकून सरळ करत होते. कानात मशीन होतं. लग्नाला चार दिवस. दुसऱ्या दिवशी हे घोडी घेऊन होसकोट्याला निघणार होते, बदली घोडी आणायला. आता सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

मी म्हटलं, "अहो, तो हो म्हणाला नव्हता."

ह्यांनी हातोडी खाली ठेवली. म्हणाले, "ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"हो म्हणताना ओठ गोल होतात. त्याचे झाले नाहीत. मी बघत होतो."

माझं डोकंच सणकलं. चूक माझी आणि आवाजही माझाच चढलेला. "मग घेतलीत कशाला? तिथंच का नाही बोललात? पोरगी मेली असती काल!"

हे माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते मी.

"तू हो म्हणालीस ना," हे म्हणाले. "तुझे ओठ गोल झाले. मला वाटलं, माझीच नजर गेली. चंपासारखी." मग पुन्हा हातोडी उचलली. "विकणाऱ्याचं ऐकायचं नाही म्हणून मशीन काढतो. तुझं ऐकायचं नाही, असं कधी ठरलं होतं?"

मी रडले. पदर तोंडात कोंबून रडले. हे पत्रा ठोकत राहिले, कारण मला ठाऊक आहे, ह्यांना माझं रडणं बघवत नाही.

संध्याकाळी हे अभिराजच्या घरी गेले. घोडी मिळणार नाही, दोष आमचा, एवढंच सांगितलं. माझं नाव काढलं नाही. अभिराजच्या आईनं बरंच सुनावलं, ऐन वेळी तोंडघशी पाडलंत म्हणाली, आणि तिचं काही चुकलं नाही. नवरदेव फुलं लावलेल्या गाडीतून गेला. अक्षरा नटूनथटून, गाल फुगवून आमच्या पायरीवर बसली होती. "आज्जी, तू खोटारडी आहेस," मला म्हणाली. मी म्हटलं, "आहे बाई." तिचं डोकं, हात, पाय सगळं जागच्या जागी होतं. मी तिच्याकडे बघत बसले, तरी माझं समाधान होईना.

पांढरी घोडी आमच्याकडेच आहे. मध्यंतरी एक जण घ्यायला आला होता. ह्यांनी त्याला सगळं सांगितलं, कुकरच्या शिट्टीपासून पत्र्यापर्यंत, खड्डासुद्धा दाखवला. तो चहा पिऊन निघून गेला. मी चिडले, म्हटलं, "अहो, एवढं सगळं सांगतं का कुणी?" हे म्हणाले, "मग काय त्याला दाजी म्हणू?" रोज सकाळी मी लांब उभी राहून तिच्यासाठी ताट वाजवते. आधी हळू, मग जरा जोरात. हे तिची मान धरून उभे राहतात. तिला सवय व्हायला वर्ष लागेल म्हणतात, नाहीतर होणारच नाही.

परवा यल्लाप्पा आला. पुन्हा घोडी घ्यावीशी वाटतेय म्हणाला, पण या वेळी व्यंकण्णांशिवाय नाही. तिघं मिळून दोडबळ्ळापूरच्या रस्त्याला गेलो. विकणारा लांबूनच हात जोडत आला, "या अक्का, या अण्णा." ह्यांनी मशीन काढलं, खिशात टाकलं. मग दुसऱ्या खिशात हात घातला आणि माझ्यापुढे तळहात धरला. कापसाचे दोन बोळे होते.

यल्लाप्पा हसायला लागला. मला हसू आलं नाही. मी दोन्ही बोळे कानात घातले, घट्ट. विकणाऱ्याचे ओठ हलत होते, बराच वेळ हलत होते. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. घोडीला फरशीवरून चालवत आणलं तेव्हा ती मागचा डावा पाय जरा जपून टाकत होती. मी ह्यांच्या बाहीला धरून ओढलं आणि बोटानं दाखवलं. ह्यांनी पाहिलं आणि मान हलवली. आम्ही तिघं परत आलो.